मुन्शीकाकांची अमानत

मुन्शीकाका कधी धड बसत नसत. खुर्ची दिली तर तिच्या पुढच्या कडेवर टेकायचे, बाज दिली तर एक पाय जमिनीवर ठेवून अर्धेच बसायचे, आणि चहाचा कप रिकामा व्हायच्या आत उठून दारापर्यंत जाऊन यायचे. कप हातातच. आमच्या ओसरीवरचे त्यांच्या चहाचे थेंब मी कितीदा पुसले असतील, त्याला हिशेब नाही. सेलूत त्या काळी बसण्याला फार मान होता. आडत्यांच्या गाद्यांवर, जिनिंगच्या कचेरीत, कापसाच्या गाड्यांची वाट बघत माणसं तक्क्याला टेकून दिवसच्या दिवस बसलेली असत. जो जास्त बसेल तो मोठा शेठ, असा सगळा कारभार. अशा गावात हा किडकिडीत, उंच, काळ्या टोपीचा म्हातारा सदा उभा. मला ते पहिल्या दिवसापासून आवडले, कारण बसणं मलाही जमत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी आहे. मुन्शीकाकांच्या दोन्ही पायांना होती.

खरं तर ते आता मुन्शी राहिलेच नव्हते. निजामाच्या अमदानीत उर्दूत अर्जफाटे लिहिण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं जुनी माणसं सांगत. मग राज्य बदललं, कोर्टाची भाषा बदलली आणि त्यांचं ते वळणदार अक्षर बिनकामाचं झालं. तेव्हापासून ते गावातल्या सगळ्याच वकिलांची पडेल ती कामं करीत. साक्षीदाराला वेळेवर उभं करायचं, पंच गोळा करायचे, रुसलेल्या पक्षकाराला चहा पाजून परत आणायचं. बोलण्यातले शब्द मात्र जुनेच राहिले. शेजारून आणलेली चाळणीसुद्धा त्यांच्या लेखी 'अमानत' असे, आणि काकूंना ती त्याच दिवशी परत करावी लागे. "दुसऱ्याची वस्तू घरात असली की मला जेवण जात न्हाई," असं ते म्हणायचे. काकू म्हणायच्या, तसंही तुम्ही उभ्यानंच जेवता, जाईल कसं?

अशा माणसाच्या गोठ्यात एक अख्खी मोटार येऊन पडली, त्याची ही गोष्ट आहे.

मोटार आमची होती. म्हणजे कुणाची होती, हाच तर प्रश्न होता. माझे आजेसासरे नाना यांनी कापसाच्या बऱ्या दिवसांत एक काळी अँबेसिडर घेतली होती. नाना गेले आणि माझे सासरे दादा व त्यांचे धाकटे भाऊ बापू यांच्या वाटण्या झाल्या. जिनिंग वाटली, शेत वाटलं, घराच्या मधोमध भिंत घातली, तुळशीवृंदावन दोन केलं. मोटारीचे दोन भाग करता येईनात. दादा म्हणाले, मी थोरला आहे, नानांची गाडी माझ्या दारात उभी राहणार. बापू म्हणाले, नानांना त्या गाडीतून जन्मभर मी फिरवलं, दादाला तिची दारं कुठून उघडतात तेही माहीत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, त्यामुळे भांडण मिटायला जागाच नव्हती. ते कोर्टात गेलं. निकाल लागेपर्यंत गाडी तिऱ्हाइताकडे ठेवावी, तिऱ्हाइतानं ती जपावी आणि कुणीही ती जागची हलवू नये, असं ठरलं. सबंध सेलूत दोघांना मान्य होईल असा तिऱ्हाईत एकच निघाला.

मुन्शीकाकांचा गोठा आमच्या परसाला लागून होता. म्हैस विकल्यापासून तो रिकामाच होता. बापूंनी स्वतः गाडी आणून आत उभी केली, दादा बाहेर उभे राहून ओरखडे मोजत राहिले, आणि काकांनी किल्ली बंडीच्या आतल्या खिशात टाकली. "जशी घ्यायलोय तशी दीन," एवढंच ते पंचांसमोर बोलले. त्या दिवसापासून त्यांचा हात दर घटकेला त्या खिशाकडे जाऊ लागला. बोलता बोलता जायचा, जेवताना जायचा, देवळात हात जोडायच्या आधी जायचा.

गाडीतलं त्यांना काही म्हणता काही कळत नव्हतं. पण ठेवलेली वस्तू मरते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. एकदा मी विचारलं, काका, एवढा घोर कशाला करता, गाडी काय पळून जाणार आहे? तेव्हा त्यांनी मला घोडीची गोष्ट सांगितली. त्यांच्या उमेदीच्या काळात जिंतूरकडच्या दोन पाटलांचा एका घोडीवरून वाद लागला होता आणि घोडी काकांच्या देखरेखीखाली ठेवली होती. हलवायची नाही, असाच तेव्हाही हुकूम होता. काकांनी हुकूम तंतोतंत पाळला. घोडीला हरभरा चारला, खरारा केला, फक्त फिरवली नाही. उभ्या उभ्या तिचे पाय सुजले आणि ती मेली. "निकाल लागला तवा मी जितलेल्या पाटलाला खोगीर नेऊन दिलं," ते म्हणाले. "त्यानं काय म्हणलं न्हाई. नुसतं खोगीर बघितलं, मग मला बघितलं." हे सांगताना ते उठून दोनदा गोठ्यापर्यंत जाऊन आले.

तर ही घोडी मरू द्यायची नाही, असा त्यांनी चंग बांधला. कुणीतरी त्यांना सांगितलं, गाडीचा जीव बॅटरीत असतो, बॅटरी वापरात राहिली पाहिजे. काकांना ते पटलं. मग रोज तिन्हीसांजेला काकू देवापाशी दिवा लावत तेव्हा काका गोठ्यात जाऊन गाडीचे दिवे लावीत. शुभंकरोती होईपर्यंत ते चालू, मग बंद. काकू तर गोठ्याच्या दारातून गाडीला नमस्कारही करायच्या. आम्हा बायकांना त्याचं मोठं कौतुक होतं. गोठ्याच्या भिंतीवर उजेड पडायचा आणि गल्लीतली पोरं त्यात हातांच्या सावल्या नाचवायची. काही आठवड्यांनी उजेड पिवळा झाला, मग तांबूस झाला, आणि एका संध्याकाळी काकांनी बटण ओढलं तर काहीच झालं नाही. ते तसेच टोपी हातात घेऊन गल्लीत फेऱ्या मारत राहिले.

स्टेशनच्या रस्त्यावर वाघमारेंचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. आयटीआय करून आलेला हसरा, मोकळा गडी. भीमजयंतीच्या मिरवणुकीचे कर्णे असोत की लग्नाचा लाउडस्पीकर, गावातल्या बॅटऱ्या त्यांच्याकडेच जायच्या. त्यांनी काकांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुन्शीजी, तुमाला वाटायलंय तिला खाऊ घालायलोय. तुमी रोज तिचंच खायलाव." बॅटरी काढून दुकानात आणा, असं त्यांनी सांगितलं. पण काका अमानतीतला स्क्रूसुद्धा दोन्ही पक्षांना विचारल्याशिवाय काढणार नव्हते. दादांना वाटलं, बापू बॅटरी बदलून आपली जुनी घालील. बापूंना वाटलं, दादा बदलतील. शेवटी दादांच्या माणसानं बॅटरीवर तांबड्या रंगाची खूण केली, बापूंच्या माणसानं हिरव्या रंगाची, आणि हातगाडीवर बॅटरी, एका बाजूला आमचा माणूस, दुसऱ्या बाजूला त्यांचा, पुढे मुन्शीकाका, अशी वरात भर बाजारातून निघाली. ती चार्ज होईपर्यंत दोन्ही माणसं वाघमारेंच्या फळीवर बसून होती. वाघमारे म्हणत, या बॅटरीला जेवढा पहारा आहे तेवढा तालुक्याच्या तिजोरीला नसेल.

यातून सुटका म्हणून वाघमारेंनीच तोड काढली. गाडी हलवायची नाही ना? मग नका हलवू. आठवड्यातून एकदा जागच्या जागी इंजिन चालू करा, अर्धा तास चालू द्या, म्हणजे बॅटरी आपोआप भरेल. मग बॅटरीची एक वायर सोडून ठेवा. आणि बॅटरीतलं पाणी कमी झालं तर साफ पाणी घाला, विहिरीचं खारं पाणी मुळीच घालू नका. काकांनी घरी येऊन हे सगळं काकूंना समजावून सांगितलं. तीच चूक झाली. काका कोर्टाच्या कामाला गेलेले असताना काकूंनी झाकण उघडून पाहिलं, पाणी कमी दिसलं. साफ पाणी म्हणजे कुठलं? आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. काकूंनी गंगाखेडहून आणलेला, लाखेनं बंद केलेला गंगेचा गडू देव्हाऱ्यातून काढला, फोडला आणि मनोभावे बॅटरीत ओतला. याहून साफ पाणी अख्ख्या जिल्ह्यात नव्हतं.

बॅटरी रुसली. वाघमारेंनी ती रिकामी केली, धुतली, नवं तेजाब भरलं आणि डोक्याला हात लावला. पण खरा तमाशा घरी झाला. दादांचं म्हणणं, बापूच्या बायकोनं काकूंना शिकवलं असणार. बापूंचं म्हणणं, गंगेचं पाणी वगैरे देवभोळं खूळ दादांच्याच घरातलं. बिचाऱ्या काकू दारामागे रडत बसल्या. मुन्शीकाकांना चिडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते भिंतीच्या या बाजूला येऊन दादांना आणि त्या बाजूला जाऊन बापूंना एकच वाक्य सांगून आले. यापुढं दोघं स्वतः येऊन उभे राहाल तरच किल्ली फिरेल. माणसं पाठवायची नाहीत. एक जरी आला नाही तरी बॅटरी मेली तर मरू द्या, मी कोर्टात सांगीन कुणामुळं मेली ते.

अशी ती रविवारची सकाळ सुरू झाली. गोठ्याचं दार सताड उघडं. बॉनेटच्या उजव्या अंगाला दादा, डाव्या अंगाला बापू. मुन्शीकाका चालकाच्या जागी, तेही दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर जमिनीवर. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, फक्त चालू करता येत होती. किल्ली फिरवायच्या आधी ते डोळे मिटायचे. इंजिन लागलं की तोंडभर हसायचे, आणि पुढचा अर्धा तास पाय हलकेच दाबून धरत, कान इंजिनाकडे, डोळे दोघा भावांकडे. काकूंचे गुडघे धरलेले, म्हणून चहा मी न्यायची. पहिले काही महिने दोघांचा चहा दोन वेगळ्या किटल्यांतून यायचा, एक आमच्या घरून, एक त्यांच्या. पेट्रोलही तसंच, प्रत्येक जण आपापल्या डब्यातून आणायचा. त्या दिवसांत पेट्रोल असं कडाडलं होतं, की उभ्या गाडीत ते जाळायचं म्हटल्यावर लोक आमच्याकडे वेड्यासारखं बघत.

भाऊ एकमेकांशी बोलत नसत. मुन्शीकाकांशी बोलत. "मुन्शीजी, यंदा पऱ्हाटीवर बोंडअळी लय हाय म्हणायलेत," असं दादा काकांकडे बघून म्हणत. बापू काकांकडेच बघून म्हणत, "मुन्शीजी, ज्यांनी वेळेवर फवारलं त्यांच्याकडं न्हाई." काकांना कापसातलंही काही कळत नव्हतं. ते दोन्हीकडे मान हलवायचे. असं करत करत भाव, पाऊस, आत्याबाईंचं आजारपण, बापूंच्या मुलीचं ठरत असलेलं लग्न, सगळं मुन्शीकाकांच्या डोक्यावरून इकडून तिकडे जाऊ लागलं. एका रविवारी आमच्याकडे दूध नासलं, म्हणून मी एकच किटली नेली. दोघांनी त्यातलाच चहा घेतला.  मीही पुढच्या रविवारी मुद्दाम विसरून एकच नेली.

या सगळ्याचं श्रेय मी काकांना द्यायला गेले तर ते चक्क नाही म्हणाले. त्यांना भावांचं काही पडलं नव्हतं. त्यांना बॅटरी जिवंत हवी होती, बस्स. मधल्या दिवसांत वायर सोडलेली आहे ना हे बघायला ते दिवसातून चार वेळा गोठ्यात जायचे. तारांच्या टोकांवर पांढरी भुकटी धरली की गरम पाण्यानं पुसायचे. आणि कोर्टाची तारीख पडून पुढची तारीख मिळाली की घरी येऊन ते अंगणात येरझाऱ्या घालायचे. "सूनबाई, मी पिकलं पान हाय," ते मला म्हणायचे. "ह्या दोघांचा निकाल माझ्या हयातीत लागंना झाला तर गाडी द्यायची कुणाला? काय म्हणून मरू मी?" हे ते गमतीनं म्हणत नसत. त्यांचे पाय संध्याकाळी सुजायला लागले होते, चार पावलं चालून दम लागत होता, तरी चालणं काही थांबत नव्हतं. मला त्यांचा राग यायचा. आणि त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाची ओढ मला त्या गावात वाटत नव्हती, हेही खरं.

एका रविवारी गाडी चालू होती, मी चहा ओतत होते आणि काकांचा पाय पेट्रोलच्या पेडलवरून निसटला. इंजिनाचा आवाज खाली आला म्हणून आम्ही तिकडे पाहिलं. ते स्टिअरिंगवर वाकले होते, ओठ निळसर, कपाळावर घामाचे थेंब. बापूंनी धावत जाऊन गल्लीतल्या डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि सांगितलं, परभणीला न्या, आत्ताच्या आत्ता. परभणीची आगगाडी स्टेशनातून नुकतीच सुटली होती, पुढची थेट संध्याकाळी. सगळ्यांनी एकाच वेळी मोटारीकडे पाहिलं. ती चालूच होती.

"न्हाई," मुन्शीकाका म्हणाले. "अमानत हाय."

डॉक्टर चिडले. काकू पाया पडल्या. दादा म्हणाले, आम्ही दोघे सांगतो, चला. काका म्हणाले, तुम्ही दोघे सांगून चालत नाही, निकाल लागलेला नाही. एवढं बोलायलाही त्यांना तीनदा थांबावं लागलं. तेव्हा माझं डोकं फिरलं. डोक्यावरचा पदर सावरायचंही मला भान राहिलं नाही. मी म्हटलं, "काका, तुमी आता हितंच मेलाव तर गाडी कुणाला देणार? मग काय तोंडानं वर जाणार?"

 सुनेनं एवढ्या वडीलधाऱ्यांसमोर असं बोलायची रीत नव्हती. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "बराबर हाय पोरीचं," ते म्हणाले. "मालक ठरवा. आत्ता ठरवा."

बापू म्हणाले, "दादाची हाय. उद्या दावा काढून घेतो मी." दादा लगेच म्हणाले, नाही, नानांना बापूच फिरवत होता, गाडी बापूची. बापू म्हणाले, थोरल्याच्या दारात शोभते. दादा म्हणाले, मला दारं कुठून उघडतात ते कळत नाही. ज्या गाडीसाठी इतकी वर्षं वकील पोसले ती आता कुणीच घ्यायला तयार होईना. "एकाचं नाव घ्या हो," काका कळवळून म्हणाले, "दम लागायलाय मला." काकू म्हणाल्या, दोघांची म्हणा की. त्या अवस्थेतही काकांना ते पटलं नाही. दोघांची तर आधीपासून होतीच, म्हणूनच तर भांडण झालं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी दादांनी आवाज चढवला. "थोरला मी हाय न्हवं? मग मी सांगतो. गाडी बापूची."

तेव्हा मुन्शीकाकांनी हात लांबवून इंजिन बंद केलं. मी अडवायला पुढे झाले. पण ते चालू गाडी देणार नव्हते, चालू करून देणार होते. दोघांना दिसेल असा हात धरून त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली आणि पहिल्या झटक्याला इंजिन लागलं. मग बापूंचा हात धरून ते म्हणाले, गाडी चालू आहे, बॅटरी जिवंत आहे, आता दोघांनी 'पावली' म्हणा. जुन्या रिवाजात घेणाऱ्यानं आणि हक्क सोडणाऱ्यानं, दोघांनी तोंडानं 'पावली', म्हणजे पोचली, असं म्हटल्याशिवाय सांभाळणारा मोकळा होत नसे. दादांनी टोपी काढली आणि म्हणाले, "पावली." काकांनी बापूंकडे पाहिलं.

बापू म्हणाले, "परभणीहून आल्यावर म्हणतो."

काका हुज्जत घालायला लागले. बापूंनी त्यांना सरळ उचललं आणि मागच्या सीटवर ठेवलं. "मालक मी हाय न्हवं? मग मालकाचं ऐका," ते म्हणाले.

सबंध वाटेत काकांचं डोकं काकूंच्या मांडीवर होतं आणि मी त्यांचे पाय धरून बसले होते. इतकी वर्षं त्या गाडीला त्यांनी जगवलं होतं, पण तिच्यातून ते हातभरही कुठे गेले नव्हते. थोड्या वेळानं त्यांनी मान उचलून काचेतून बाहेर पाहिलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. "काय पळायलीय हो," ते काकूंना म्हणाले. पुढे दादा आणि बापू शेजारी शेजारी बसले होते. दादा बापूंना सावकाश घे म्हणत होते आणि बापू त्यांना तुम्ही गप बसा म्हणत होते.

परभणीच्या सरकारी दवाखान्यात काकांना खाट मिळाली. हृदय थकलंय, पडून राहायचं, कूस बदलायची तीही हळू, असं सांगण्यात आलं. पडून राहायचं, हे मुन्शीकाकांना! त्यांचे पाय चादरीखाली हलतच असायचे. हात बंडीच्या खिशाकडे जायचा, तिथे किल्ली नसायची, मग ते दचकायचे. बापू रोज रेल्वेनं येत. रोज काका म्हणत, आता म्हणा. बापू कधी म्हणत सुटी झाल्यावर, कधी म्हणत गाडी नीट तपासू द्या आधी, कधी म्हणत दावा तर काढून होऊ द्या. दावा काढून झाला. तरी बापू म्हणेनात. मला वाटलं, हा माणूस इतका कोता कसा? एक शब्द तर म्हणायचा आहे. मी ते व्हरांड्यात दादांजवळ बोलून दाखवणार होते, तेवढ्यात बापूच दादांना सांगत असलेले मी ऐकले.

"म्हणलं की जाईल ह्यो माणूस, दादा. त्याला दुसरं काय कामच उरलं न्हाई. तेवढ्या एका शब्दावर तर राहायलाय तो."

 मी परत आत गेले आणि काकांचे पाय दाबत बसले.

पण दिवसेंदिवस काकांना बघवेना. झोप नाही, अन्न नाही, नुसती तगमग. नर्सबाईंना ते विचारायचे, गाडी दिली का मी? काकूंनाही विचारायचे. मला तर सूनबाई म्हणायचं सोडून साहेब म्हणायला लागले आणि हात जोडून पुढची तारीख मागायचे. एका दुपारी बापू आले तेव्हा काकू उठल्या, पदर नीट केला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत अशा समोरासमोर उभ्या राहून त्या बापूंशी कधी बोलल्या नव्हत्या.

"बापूसाहेब, मला कळतंय तुमी का म्हणंनाव ते," त्या म्हणाल्या. "मीच तुमाला म्हणायलेय. सोडा आता त्यान्ला."

बापू खाटेपाशी गेले. मग खाली वाकून, काकांच्या कानाशी, पण आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं ते म्हणाले, "मुन्शीजी, पावली."

काकांनी डोळे उघडले. नजर अगदी स्वच्छ होती. "बॅटरीचं पाणी बघत जा," ते म्हणाले. पाय हलायचे थांबले. संध्याकाळभर ते शांत झोपले, मला वाटलं आता बरे होतील, आणि मी काकूंना तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मी बापूंवर चिडले होते, ते न म्हणाल्याबद्दल. आता म्हणाल्याबद्दल चिडले. त्या माणसाला आणखी थोडं धरून ठेवायला काय झालं होतं, असं मला वाटत राहिलं. आजही कधी कधी वाटतं.

काकांना गावी न्यायचं होतं. सेलूहून वाघमारे आले होते. मागच्या सीटवर काकांना ठेवलं, त्यांच्याजवळ काकू आणि मी. बापूंनी किल्ली वाघमारेंच्या हातात ठेवली आणि वाघमारे चालकाच्या जागी बसले. किल्ली फिरवली तर नुसता टक् असा आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. दवाखान्यात सगळ्यांना माणसाचीच काळजी होती, आल्या दिवसापासून आवारात उभ्या गाडीकडे कुणी पाहिलंच नव्हतं, तिची वायरही कुणी सोडली नव्हती. वाघमारेंनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि म्हणाले, ढकलावी लागेल.

दवाखान्याच्या फाटकातली माणसं, रिक्षावाले, दोन वॉर्डबॉय मदतीला पुढे आले. दादांनी त्यांना हात केला. "राहू द्या," ते म्हणाले. "आमी दोघं हाव."

दादांनी धोतराचा काचा खोचला. बापूंनी चपला काढून फेकल्या. मागच्या काचेतून मला त्या दोघांची डोकी शेजारी शेजारी वाकलेली दिसत होती. गाडी पहिल्यांदा हललीच नाही. मग हलली, हळूच, मग जरा वेगानं, आणि फाटकाबाहेरच्या उतारावर एक हिसका बसून इंजिन लागलं. दोघे धापा टाकत मागे राहिले होते, बापूंनी दादांना दंडाला धरलं होतं. वाघमारेंनी इंजिन बंद पडू नये म्हणून पाय दाबून धरला. काकूंनी एका हातानं माझा हात धरला, दुसरा काकांच्या छातीवर ठेवला, बंडीच्या त्या खिशावर, आणि तेव्हा मला इतके दिवस न आलेलं रडू आलं.